वाटा न घेता एक खेप

आलोशियस तांडेलानं चंद्राकडे बघणं सोडलं होतं. वसईच्या पाचूबंदरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याच्यासमोर कुणी हा विषय काढत नव्हतं. आता कोळ्यानं चंद्राकडे बघायचं नाही म्हणजे दुकानदारानं गल्ल्याकडे बघायचं नाही. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची छोटी कधी, जाळं कधी लावायचं, कधी उचलायचं, सगळा कारभार त्या वर बसलेल्याच्या हातात. पण आलोशियस हल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून तिथी बघायचा आणि संध्याकाळी बंदरावरून घरी येताना टोपी कपाळावर ओढून घ्यायचा. उभा जन्म समुद्रात गेलेला माणूस कॅलेंडरात भरती शोधतोय, हे त्याच्या बायकोला, मॅग्डलीनला, बघवत नसे.

त्यांची एलिना चंद्रावर होती. जिवंत होती तेव्हाही तिथेच, आणि मेल्यावरही तिथेच.

ही एलिना म्हणजे बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात वाढलेली पोर. वाढलेली म्हणजे खरोखरच. मॅग्डलीन मासळीच्या टोपल्या भरायला जायची तेव्हा पोरीला कारखान्याच्या दाराशी बसवून ठेवायची. आतला गार वारा लागला की पोर रडायची थांबायची. मोठी झाल्यावर तिनं विरारच्या एका संस्थेत रेफ्रिजरेशनचाच कोर्स केला आणि तिथूनच तिला चंद्रावर जायची संधी आली. तिकडे काळोख्या खड्ड्यांमध्ये बर्फ आहे. तो काढायचा, त्याचं पाणी करायचं, पाण्यातून श्वासाची हवा करायची, असं काम. बर्फात हात घातलेली किनाऱ्यावरची पोरं त्या कामाला लवकर रुळतात म्हणून त्यांना मुद्दाम घेत होते. बंदरावर लोकांनी तेव्हा भरपूर हसून घेतलं. आलोशियसला म्हणायचे, तांडेल, पोर बर्फ आणायला चाललीच आहे तर येताना आमच्यासाठीही दोन लाद्या सांग.

तिथली वस्ती त्या पोरांनी स्वतःच्या हातांनी उभी केली. तिथला कायदा साधा होता. जे लोक राहतील त्यांची जागा, आणि जागा रिकामी सोडली की हक्क संपला. एलिनानं हे सांगितलं तेव्हा आलोशियसला ते लगेच पटलं. समुद्रात तरी वेगळं काय आहे? खुंटे रोवून जाळं लावायची प्रत्येकाची जागा ठरलेली असते, तिला कव म्हणतात. बापजाद्यांपासून जो तिथे जाळं लावत आला त्याची ती कव. सात-बारा नाही, कुंपण नाही, पण कुणी कुणाच्या कवीत शिरत नाही, आणि शिरलाच तर बंदरावर त्याला पाणी विचारणारा मिळत नाही. आलोशियसला वाटलं, चला, आपली पोर परक्या मुलखात गेली तरी कायदा ओळखीचा आहे.

तो ओळखीचा नव्हता, हे कळायला फार उशीर झाला.

कारण शेजारी कंपनी होती. तिचं नाव घेतलं की मॅग्डलीन थुंकायची, म्हणून घरात तिला नुसतं कंपनी म्हणत. कंपनीला तो बर्फ हवा होता, सगळाच्या सगळा. तिनं आधी वस्ती विकत मागितली. वस्तीतल्या पोरांनी नाही म्हटल्यावर अवकाशयानं उतरायची एकुलती एक सपाट जागा तिनं आपल्या ताब्यात घेतली आणि वस्तीचं सामान तिथे अडकवून ठेवायला सुरुवात केली. यंत्राचा सुटा भाग मागवावा तर तो महिनोन्महिने तिथेच पडून. मग एकेकाला बाजूला घेऊन गोड बोलणं, नोकरीचं आमिष, घरी जायचं तिकीट. माणसं थकली आणि एकेक करून निघून गेली. शेवटी वस्तीत तिघं उरली. आपली एलिना, अर्नाळ्याची सँड्रा आणि अर्नाळ्याचाच केल्विन. तिघंही कोळ्यांची. हट्टाला पेटलेली. आणि हट्ट कुणाकडून आला होता ते सांगायला नको.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघं घरी आली होती. मॅग्डलीन अंगणात वलांडीच्या बांबूंवर सुकत घातलेले बोंबील उलटे करत होती आणि आलोशियस खुर्चीत बसून तिच्या कामात चुका काढत होता. तेवढ्यात एलिनाचा फोन आला. तिकडून आवाज यायला जरा वेळ लागायचा, म्हणून आलोशियस फोनवर नेहमी ओरडायचा, जणू ओरडल्यानं अंतर कमी होणार होतं.

"पप्पा, ओरडू नको. ऐक. कंपनीची गाडी खड्ड्याच्या काठावर उलटलीय. आत चार मानसं हायत. मदत मागतायत."

"मग?"

"आमची गाडी सगल्यांत जवल हाय. पन ती गाडी सरल करायला आमी तिघंही लागू. एक गाडीवर, दोघं दोरावर. आमी तिघं निघालो तर वस्तीत कोनी नाय रानार."

आलोशियसला विचार करावा लागला नाही. बोट चालवणाऱ्या कुठल्याच तांडेलाला लागला नसता. समुद्रात माणूस बुडत असेल तर हातातलं जाळं तिथेच सोडायचं आणि जायचं. मग तो भाऊ असो की काल भांडलेला वैरी असो. आणि जो असा गेला त्याच्या मागे राहिलेल्या जाळ्याला, त्याच्या कवीला कुणी हात लावायचा नाही. उलट शेजारच्या कववाल्यानं त्याचं जाळं उचलायचं, मासळी त्याच्या घरी नेऊन द्यायची आणि त्यातलं एक शेपूटही ठेवायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण कुणी कधी मोडलेलं नव्हतं.

"मानूस पान्यात असताना जालं कोन बघतं?" आलोशियस म्हणाला. "जा तू. मागं कोन हात लावत नाय."

"मना वाटलंच तू ह्येच बोलशील," एलिना म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "मम्मीला सांग, बोंबील जास्त वालवू नको."

ते शेवटचं बोलणं.

पुढचं घरच्यांना कंपनीच्या माणसाकडून कळलं. पांढऱ्या गाडीतून एक साहेब आला, शुभ्र रुमाल, हळू आवाज. त्यानं सांगितलं की एलिना, सँड्रा आणि केल्विन यांनी चारही माणसांना वाचवलं. पण परतीच्या वाटेवर गाडीतली हवा संपत आली. गाडी तिघांची होती आणि आत सात जण होते. तिघांनी आपल्या वाट्याची हवा त्या चौघांना दिली. कंपनीची दुसरी गाडी पोचली तेव्हा चौघंच जिवंत होते. साहेबानं एक शाल आणली होती आणि एलिनाचा फोटो घातलेली मोठी चौकट, खाली सोनेरी अक्षरांत शौर्याबद्दल काहीतरी. वस्ती रिकामी पडली म्हणून नाइलाजानं कंपनीला तिचा ताबा घ्यावा लागला, हे त्यानं उठता उठता सांगितलं. मॅग्डलीननं शाल घेतली नाही. चौकट घेतली, कारण त्यात पोरगी होती. मग सोनेरी अक्षरांवर तिनं कागद चिकटवला.

समुद्रात हरवलेल्या माणसासाठी मिस्सा झाली की फुलांचं रीथ बोटीतून नेतात आणि पाण्यात सोडतात. एलिनाची मिस्सा झाली, रीथही आलं, पण ते कुठे सोडायचं हे कुणालाच कळेना. ती समुद्रात नव्हती. फादर म्हणाले, सगळं पाणी देवाचंच आहे, सोडा. आलोशियसनं ऐकलं नाही. रीथ घरी परत आलं आणि पडवीत जाळ्यांशेजारी टांगलेलं राहिलं. फुलं सुकली, कांब्या उरल्या.

आलोशियसला एकच गोष्ट खात होती. आपण जा म्हटलं नसतं तर? मॅग्डलीन त्याला म्हणायची, "तू नाय म्हनला असता तरी ती गेली असती. तिला काय तू नवीन शिकवलं?" ती हे रोज म्हणायची, चहा देताना, जेवायला वाढताना, आणि दर वेळी आलोशियसला जरा बरं वाटायचं. शिवाय एक आधार होता. हवा संपली हे कुणाच्या हातात नव्हतं. समुद्रातही असं होतं, वाचवायला गेलेला कधी कधी बुडतो. दुःख होतं, पण त्यात कुणी नियम मोडलेला नसतो. आपण पोरीला खोटं सांगितलं नाही, एवढंच तो उराशी धरून होता.

जानेवारीच्या अखेरीला, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी एक मुलगा घर विचारत आला. हडकुळा, डोळ्यांखाली काळं, पायात नवेकोरे पांढरे बूट. मासळीच्या चिखलातून आल्यामुळे त्या बुटांची पार दैना झाली होती.

"मी केयूर," तो म्हणाला. "बोळिंजला राहतो. त्या दिवशी ज्या चौघांना वाचवलं ना, त्यातला मी एक."

मॅग्डलीन हातातली सुरी ठेवून उभी राहिली. तिनं त्याला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं, जणू बाजारात मासा ताजा आहे का बघतेय. मग त्याचा हात धरून त्याला आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. तो हात तिनं बराच वेळ सोडला नाही. तिच्या पोरीनं बहुधा तोच धरून ओढला होता.

केयूरही विरारच्या त्याच संस्थेत शिकलेला होता, एलिनाच्या मागे दोन वर्षं. पुढे त्याला कंपनीनं घेतलं. पाणी पिता पिता त्यानं सगळं सांगितलं, आणि ते साहेबानं सांगितलं होतं तसंच होतं. वाट, हवा, तिघांनी दिलेला वाटा. पाठ केल्यासारखं भरभर बोलला.

"ताई एकदम कूल होत्या," तो शेवटी म्हणाला. "आम्ही घाबरलेलो. त्या म्हणाल्या, आधी तुम्ही चौघं चढा, आम्ही मागून. आणि गाडीत मस्करी करत होत्या की आता तुम्हाला पाचूबंदरला येऊन माझ्या पप्पांच्या बोटीवर एक खेप मारावी लागणार. फ्रीमध्ये."

मॅग्डलीन रडता रडता हसली. कारण ही रीत खरीच होती. समुद्रातून ज्याला वाचवलं त्यानं वाचवणाऱ्याच्या बोटीवर एक खेप मारायची, वाटा न घेता. मग हिशेब मिटला, दोन्ही घरं मोकळी. आलोशियसनं खुंटीवरची टोपी घेतली.

"चल," तो म्हणाला. "पानी फिरायच्या आत जायला पायजे."

छोटी बोट घेऊन दोघंच निघाले. वसईचा किल्ला मागे पडला तसा केयूर हिरवा पडायला लागला. चंद्रावर जाऊन आलेला मुलगा, पण लाटेच्या पहिल्याच धक्क्यात त्यानं बोटीचा काठ गच्च धरला आणि दुपारचं जेवण समुद्राला देऊन टाकलं. एरवी आलोशियस यावर महिनाभर हसला असता. आज तो सुकाणूला धरून समोर बघत बसला होता. घरात ऐकलेलं एक वाक्य त्याच्या डोक्यात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं.

"बरं वाटतं काय?" त्यानं विचारलं.

"हो काका."

"तू घरात बोललास, तिनं तुमाला आधी चढवलं."

"हो."

"कशात?"

केयूरनं तोंड पुसलं. "गाडीत."

"गाडी तिची. गाडीत सगलेच चढनार, त्यात आधी काय नि मागून काय," आलोशियस सावकाश म्हणाला. तो मोठ्यानं विचार करत होता. "आधी नि मागून येतं ते धक्क्यावर आल्यावर. शिडी एकच असते, एका वेलेला एकच मानूस जातो, तवा वाचवलेल्याला आधी चढवायचं नि आपन मागून. ती रीत हाय. ती मीच शिकवली तिला. म्हनजे तुमी शिडीपाशी पोचला होता." त्यानं इंजिन बारीक केलं. "तुमी दारापाशी पोचला होता."

केयूरनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि आलोशियसला उत्तर मिळालं.

सगळं बाहेर यायला वेळ लागला. कंपनीची दुसरी गाडी उलटलेल्या गाडीपासून काही फार लांब नव्हती. ती मदतीला येऊ शकली असती. पण वस्तीतली तिघंही बाहेर पडली हे कळताच साहेब लोकांनी ती गाडी वस्तीकडे पाठवली. स्वतःची चार माणसं खड्ड्याच्या काठावर लटकलेली, आणि कंपनीनं आधी रिकामी जागा पकडली. तिघं या चौघांना घेऊन परत आली तेव्हा वस्तीत कंपनीची माणसं बसली होती. गाडीतली हवा संपलेलीच होती, उरली होती ती अंगावरच्या सूटमधली. आत जायला दोन दारांची छोटी खोली असते, एका वेळी दोघंच मावतात. एलिनानं कंपनीच्या चौघांना आधी आत पाठवलं, दोन-दोन करून. मग दार उघडलं नाही.

"ते म्हणाले, स्टाफ आत आला, बास. बाकीच्यांना घ्यायचं तर वरून ऑर्डर पाहिजे. आत घेतलं की ते परत रहिवासी होतात, मग जागा आपली राहत नाही. रेडिओवर ताईंना सांगितलं, वस्ती सोडली असं बोला, रेकॉर्ड होईल, मग दार उघडतो. ताई म्हणाल्या, आम्ही सोडली नाही, आम्ही तुमच्या माणसांना आणायला गेलो होतो. केल्विननं दारावर हात मारले. तिकडे आवाज येत नाही काका. पण दार हलतं ते हाताला लागतं. ऑर्डर मागायला फोन लावला होता, तिकडे कुणी उचलत नव्हतं. आणि मग..."

"तू कुठं होतास?"

"दाराशी."

"दार आतून उघडतं?"

"हँडल आहे. माझ्यापासून एवढ्यावर." त्यानं हात पुढे केला. बोटीच्या काठापासून सुकाणूपर्यंतही नव्हतं तेवढं. "ते म्हणाले हात लावायचा नाही. मी नाही लावला."

आलोशियसला वाटलं, याला उचलावं आणि पाण्यात फेकून द्यावं. खरंच वाटलं. हात सुकाणूवरून सुटलाही. पोहता येत नसलेला, ओकून ओकून रिकामा झालेला हा पोरगा दोन मिनिटं टिकला नसता. पण याच पोराला त्याच्या पोरीनं दोर लावून खड्ड्यातून वर काढलं होतं. तिनं काढलेलं आपण परत बुडवायचं कसं? तो पुन्हा खाली बसला आणि सुकाणू धरलं.

"मग घरात खोटं का बोललास? कंपनीनं सांगितलं म्हनून?"

"कंपनीनं पण सांगितलं होतं. पण त्यासाठी नाही," केयूर म्हणाला. "ताईंनी सांगितलं. रेडिओवर. त्या म्हणाल्या, तुमच्यातलं कुणी घरी गेलं तर माझ्या पप्पांना सांगा की हवा वाटेत संपली. दार लावलेलं सांगू नका. पप्पा म्हणाले होते की मागे कुणी हात लावत नाही. त्यांना हे कळायला नको."

बोट लाटांवर नुसती डुलत राहिली. आलोशियसनं टोपी काढली आणि तोंडावर धरली. मरता मरता पोरीला कसली काळजी पडली होती? बापाचा शब्द खोटा ठरला हे बापाला कळू नये याची. हवा संपत होती तिची, आणि त्यातली थोडी तिनं यावर खर्च केली.

बऱ्याच वेळानं त्यानं इंजिन वाढवलं. कव आली. पण आलोशियस स्वतःच्या खुंट्यांपाशी थांबला नाही, तो शेजारच्या कवीत गेला.

"ह्ये जोसेफचं जालं," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "परवा एक बोट बंद पडली, तो ती ओढत अर्नाल्याला घेऊन गेला. अजून तिकडंच हाय. जालं इथंच सोडून गेला. बघ."

जाळं होतं तसं होतं. आजूबाजूला दुसऱ्यांच्या बोटी येऊन जाऊन होत्या, पण दोराची गाठही कुणी हलवली नव्हती. दोघांनी मिळून जाळं ओढलं. केयूरचे तळवे सोलवटले, तरी तो सोडत नव्हता. जवळा, मांदेली, बोंबील, थोडी कोळंबी बोटीत ओतली गेली. त्यातली मूठभर मासळी आलोशियसच्या पायाशी सांडली तर तीही त्यानं वेचून जोसेफच्या टोपलीत टाकली.

"ह्ये सगलं जोसेफच्या घरी जानार," तो म्हणाला. "समजलं? मी तिला खोटं नव्हतं सांगितलं. इथं असंच हाय. मी तिला फक्त इथलं सांगितलं."

केयूरनं मान हलवली. तो रडत होता आणि ओल्या हातांनी डोळे पुसल्यामुळे ते खाऱ्या पाण्यानं आणखी झोंबत होते.

"पुढच्या आठवड्यात या प्रकरणाची चौकशी आहे," तो म्हणाला. "चंद्रावरच्या बाकीच्या वस्त्यांचं काय करायचं ते त्यात ठरणार. मला बोलवलंय. कंपनीनं काय बोलायचं ते सांगितलंय. मी खरं सांगितलं तर चालेल ना काका? पण ताई तर म्हणाल्या होत्या..."

"ती मला सांगू नको बोलली. मला कललं आता. तिचं काम संपलं," आलोशियस म्हणाला. "तू सांग. तिनं जागा सोडली नव्हती. दार लावलं होतं. असंच सांग."

"सांगतो."

"अजून काय बोलली ती?"

केयूर घुटमळला. "नंतर आवाज एकदम बारीक झाला होता. शेवटी एवढंच विचारलं, 'चौघं चढले काय?' दोनदा विचारलं."

आलोशियसचे हात थांबले. हे तर तांडेलाचं विचारणं. पाण्यातून माणसं काढली की तांडेल सगळ्यांत शेवटी हेच विचारतो आणि उत्तर आल्याशिवाय बोट वळवत नाही. त्यानं स्वतः किती वेळा विचारलं असेल. त्याच्या बापानं विचारलेलं त्यानं लहानपणी ऐकलं होतं. एलिनाला त्यानं हे कधी मुद्दाम शिकवलंही नव्हतं. ती बोटीवर असायची, तिनं उचललं.

"मग तू काय बोललास?"

"कुणी बोलू दिलं नाही. रेडिओ बंद केला."

"म्हनजे तिला उत्तर नाय भेटलं."

"नाही."

बोट ओहोटीबरोबर हळूहळू फिरली होती आणि तिचं नाक आता किनाऱ्याकडे होतं. ऊन उतरलं होतं. पलीकडे तुंगारेश्वरच्या डोंगरावर चंद्र वर आला होता, पांढरा, अजून उजेड न धरलेला, जवळजवळ पुरा. आलोशियसला तो डोळ्यांच्या कडेनं दिसला. सवयीनं त्यानं मान खाली घातली. मग वर केली. इतक्या महिन्यांनी त्यानं पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि बघताच त्याच्या तोंडून हुंदका फुटला. तो त्यानं थांबवला नाही.

"सांग तिला," तो म्हणाला.

केयूरला आधी कळलं नाही. मग कळलं. तो डगमगत उभा राहिला. आलोशियसनं त्याच्या पट्ट्याला धरून ठेवलं, नाहीतर पडला असता.

"चौघं चढलो, ताई," केयूर म्हणाला. आवाज अगदी बारीक आला.

"जोरात बोल. तिथं उशिरा पोचतं."

"चौघं चढलो," केयूर ओरडला. "ताई, आम्ही चौघं चढलो."

आलोशियस थोडा वेळ थांबला, फोनवर एलिनाचं उत्तर यायला लागायचा तेवढा. मग त्यानं सुकाणू धरलं आणि बोट घराकडे घातली.

बंदर जवळ आलं तशी धक्क्यावर मॅग्डलीन दिसली. ती टोपली घेऊन उभी होती, आलोशियसची बोट परत यायच्या वेळेला नेहमी असायची तशी. तिनं हात वर केला. आपल्या पोरीनं वाचवलेल्या मुलाला आज जेवायला ठेवून घ्यायचं, असं तिनं ठरवलं असणार. घरात कालवण चढलं असणार.

चौकशीत केयूर बोलला की सगळ्या बंदराला कळणार होतं. त्याआधी तिला नवऱ्याच्या तोंडून कळायला हवं होतं. आणि त्याच्या शब्दावर विसंबून निघालेली पोर बंद दाराबाहेर मेली हे एकदा कळलं की 'तू नाय म्हनला असता तरी ती गेली असती' हे मॅग्डलीन उद्याच्या चहाबरोबर म्हणेल का, हे आलोशियसला माहीत नव्हतं. तिनं ते म्हटलं नाही तरी त्याला राग येणार नव्हता.

त्यानं इंजिन आणखी बारीक केलं आणि शेवटचं अंतर बोट सावकाश नेली.